कार्बन ब्रश : झिजण्यासाठीच घडवलेल्या एका ठोकळ्याचा इतिहास

१/
सुतारकामाच्या कारखान्यात राउटर चालू आहे. सागवानी फळीच्या कडेला सुबक गोलाई निघते आहे. मध्येच यंत्राचा सूर बिघडतो, हवेच्या झरोक्यांतून निळसर ठिणग्या दिसू लागतात, जळका वास येतो आणि यंत्र बंद पडते. मिस्त्री विचलित होत नाही. ‘कार्बन गेले’, एवढेच म्हणतो. मोटरच्या दोन्ही अंगांना असलेली गोल झाकणे तो स्क्रूड्रायव्हरने फिरवतो आणि बोटाच्या पेराहून लहान असे दोन काळे ठोकळे बाहेर काढतो.

२/
बाजारात या ठोकळ्यांना ‘कार्बन ब्रश’ म्हणतात. त्यांना ना केस, ना दांडी. ब्रशसारखे त्यांत काहीच नाही. शिवाय तांब्याशी तुलना केली तर कार्बन हा विजेचा अगदीच सुमार वाहक. मोटरच्या फिरत्या भागात वीज शिरण्याची वाट एकच, आणि नेमक्या त्याच वाटेवर हा सुमार वाहक बसवलेला आहे. हे कोणी केले, आणि का, याविषयीचा हा धागा.

३/
मूळ अडचण अशी : स्थिर तारेतली वीज फिरत्या वस्तूत पोचवायची कशी? तार थेट जोडली तर दोन फेऱ्यांतच ती पिळवटून तुटेल. मायकेल फॅरडेने १८२१ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये वीजवाहक तार चुंबकाभोवती फिरवून दाखवली, तेव्हा तिचे टोक त्याने पाऱ्यात बुडवले होते. पुढच्याच वर्षी पीटर बार्लोने फिरणारे चाक तयार केले. त्याच्या कडाही पाऱ्यालाच स्पर्श करीत. प्रयोगशाळेच्या मेजावर पारा ठीक होता. वेगाने फिरणाऱ्या, हलवता येणाऱ्या यंत्रात त्याला थारा नव्हता.

४/
१८३२ मध्ये पॅरिसच्या इपोलित पिक्सी याने हाताने फिरवायचे वीजनिर्मिती यंत्र बनवले. त्यातून निघणारा प्रवाह प्रत्येक अर्ध्या फेरीला दिशा बदलत असे, आणि त्या काळी अशा प्रवाहाचा उपयोग कोणाला ठाऊक नव्हता. आंद्रे-मारी अँपिअरच्या सूचनेवरून पिक्सीने त्यात दिक्परिवर्तक, म्हणजे कम्युटेटर, बसवला. हा आसाबरोबर फिरणारा, तुकड्यातुकड्यांचा धातूचा कडा असतो. प्रवाह उलटण्याच्या क्षणी जोडणीही उलटते, आणि बाहेर पडणारी वीज एकाच दिशेची राहते. इंग्लंडमध्ये विल्यम स्टर्जनने हेच तत्त्व मोटरसाठी वापरले. आजच्या राउटरमध्येही कम्युटेटर आहे. तांब्याच्या अरुंद पट्ट्या गोलाकार मांडलेल्या असतात आणि दोन पट्ट्यांच्या मध्ये अभ्रकासारखे विसंवाहक असते.

५/
या फिरत्या कड्यावर टेकणारे स्थिर भाग म्हणजे ब्रश. झेनोब ग्रामने १८७१ साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे आपला डायनॅमो मांडला. त्या पिढीच्या यंत्रांत कम्युटेटरवर तांब्याच्या बारीक तारांच्या जुड्या टेकलेल्या असत. दिसायला त्या अगदी ब्रशसारख्या होत्या, म्हणून नाव पडले ब्रश. तारा गेल्या, नाव राहिले. (ओहायोतल्या क्लीव्हलंडचे रस्ते १८७९ मध्ये कमानदिव्यांनी उजळणारा डायनॅमोकार चार्ल्स ब्रश याच्या आडनावाशी या नावाचा संबंध नाही. योगायोग मात्र गमतीचा आहे.)

६/
१८७३ च्या व्हिएन्ना प्रदर्शनात ग्रामच्या एका डायनॅमोला दुसऱ्याची वीज दिली गेली, आणि तो स्वतःच मोटरसारखा फिरू लागला. वीज निर्माण करणारे यंत्र उलट्या वाटेने शक्ती देणारे यंत्रही होऊ शकते, हे त्यानंतर सर्वांना पटले. कारखान्यांत मोटरी येऊ लागल्या. त्यांच्याबरोबर ब्रशची डोकेदुखीही आली.

७/
तांब्यावर तांबे घासले की दोन्ही पृष्ठभाग एकमेकांना ओरबाडतात. जुडीतल्या तारा वितळत, चिकटत, वाकड्या होत. कम्युटेटरवर खड्डे पडत आणि तो लेथवर चढवून पुन्हा सफाईदार करून घ्यावा लागे. दुसरा जाच यंत्रावरील भाराचा होता. भार वाढला की यंत्रातल्या चुंबकीय क्षेत्राचा अक्ष सरकतो, आणि ठिणगी न पडण्याची जागाही त्याबरोबर सरकते. म्हणून ब्रश एका फिरत्या चौकटीवर बसवलेले असत. संध्याकाळी दिवे लागले, भार वाढला, की वीजघरातला माणूस ठिणग्यांकडे पाहत ती चौकट हाताने थोडी पुढे सरकवी. रात्री भार उतरला की मागे. माणूस चुकला तर कम्युटेटर जळे.

८/
ठिणगी नेमकी का पडते? ब्रश एका पट्टीवरून दुसरीवर जाताना क्षणभर दोन्हींना टेकलेला असतो. तेवढ्या क्षणात त्या पट्ट्यांना जोडलेले तारेचे वेटोळे ब्रशमधूनच आखूड मंडल पूर्ण करते. ब्रश तांब्याचा असेल तर या मार्गात रोध जवळजवळ नसतोच, त्यामुळे वेटोळ्यात मोठा प्रवाह खेळू लागतो. पुढच्या क्षणी पहिली पट्टी ब्रशखालून निसटते, तो प्रवाह अचानक तोडावा लागतो, आणि तुटताना तो हवेतून उडी मारतो. ती उडी म्हणजे ठिणगी.

९/
आता उपाय उघड दिसतो, पण त्या काळी तो उलटा वाटे. ब्रश उत्तम वाहक आहे म्हणूनच ठिणगी पडते. तेव्हा ब्रश थोडा वाईट वाहक असायला हवा. स्कॉटिश अभियंता आणि खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज फोर्ब्झ याने १८८५ मध्ये ब्रिटनमध्ये पेटंट घेतले : फिरत्या यंत्रातून वीज घेण्यासाठी संपर्कभाग कार्बनचा असावा. वाहकतेचा प्रत्येक अंश वाचवण्यासाठी झटणाऱ्या अभियंत्यांना तांब्याहून शेकडो, कधी हजारो पट अधिक रोध असलेला पदार्थ त्या जागी बसवा म्हणून सांगणे धाडसाचे होते.

१०/
फोर्ब्झ अध्ययनशील माणूस होता, व्यापारी नव्हता. आपल्या पेटंटचे अमेरिकेतले हक्क त्याने वेस्टिंगहाउस कंपनीला २,००० पौंडांना विकले. पुढे जगभर जे ब्रश बनले त्यांच्या संख्येपुढे ही रक्कम अगदीच क्षुल्लक होती. उतारवयात फोर्ब्झला पैशाची चणचण सोसावी लागली आणि मित्रांनी त्याला आधार दिला. १९३६ साली, वयाच्या ८७ व्या वर्षी, तो वारला.

११/
कल्पना मांडली जाणे वेगळे आणि तिची निकड भासणे वेगळे. ती निकड ट्रामने निर्माण केली. फेब्रुवारी १८८८ मध्ये फ्रँक स्प्रेगने व्हर्जिनियातल्या रिचमंड शहरात विजेची ट्राम सुरू केली : सुमारे ४० गाड्या आणि तीव्र चढांचे रस्ते. मोटरी होत्या गाडीच्या पोटाखाली, चिखल आणि धूळ उडत असलेल्या जागी. वीजघरातल्यासारखा ब्रशची चौकट पुढेमागे करणारा माणूस तिथे बसवणार कुठे? भार तर दर चढाला बदलणार. शिवाय गाडी उलटही चालवावी लागणार. धातूचे ब्रश फिरण्याच्या दिशेने तिरपे टेकवलेले असत. मोटर उलटी फिरली की त्यांची टोके कम्युटेटरमध्ये रुतत. रिचमंडच्या गाड्यांचे धातूचे ब्रश झपाट्याने जळत.

१२/
इथे या कथेत एक लाकूडकारागीर येतो. चार्ल्स व्हान डेपूल याचा जन्म १८४६ मध्ये बेल्जियममधल्या लिख्टरव्हेल्ड गावचा. १८६९ साली तो अमेरिकेत डेट्रॉइटला आला आणि चर्चमधले कोरीव लाकडी सामान घडवून त्याने चांगला पैसा मिळवला. तो पैसा त्याने विजेच्या प्रयोगांत घातला. पुढे फर्निचर मागे पडले आणि तो ट्रामच्या मागे लागला. अलाबामातल्या मॉन्टगोमेरी शहरात १८८६ मध्ये त्याची विद्युत ट्राम धावू लागली. छतावरच्या तारेला खालून टेकणारा ट्रॉलीचा दांडा ही या ट्रामयुगाला मिळालेली त्याची मोठी देणगी.

१३/
१८८८ मध्ये थॉमसन-ह्यूस्टन कंपनीने व्हान डेपूलची पेटंटे विकत घेतली आणि तो मॅसॅच्युसेट्समधल्या लिन येथे त्यांच्याकडे काम करू लागला. त्याच वर्षी त्याने ट्रामच्या मोटरींत कार्बनचे ठोकळे बसवले, कम्युटेटरवर सरळ, काटकोनात टेकणारे. काटकोनात असल्याने मोटर कोणत्याही दिशेने फिरली तरी ठोकळा रुतत नाही. ठिणग्या एवढ्या कमी झाल्या की चौकट सरकवणाऱ्या माणसाची गरजच उरली नाही. गाडीखालच्या मोटरीला प्रथमच कोणी पहारा देत नव्हते. व्हान डेपूल १८९२ मध्ये, पंचेचाळिशीतच, वारला.

१४/
श्रेय कोणाचे, याचा निवाडा सोपा नाही. कल्पना प्रथम कागदावर आणली ती फोर्ब्झने, यात वाद नाही. परंतु हा पदार्थ हादऱ्यांत, धुळीत, दिवसभर चालणाऱ्या यंत्रात टिकतो हे व्हान डेपूलने रस्त्यावर सिद्ध केले. पाठ्यपुस्तकांत सहसा दोघांपैकी एकाचेच नाव येते : ब्रिटिश पुस्तकात फोर्ब्झचे, अमेरिकी पुस्तकात व्हान डेपूलचे.

१५/
कार्बनचा दुसरा गुण मागाहून उलगडला. ग्रॅफाइटचे स्फटिक पापुद्र्यांचे असतात आणि पापुद्रे एकमेकांवरून सहज घसरतात. चालत्या यंत्रात त्यांचा अतिसूक्ष्म थर कम्युटेटरवर बसतो. त्यात तांब्याचे ऑक्साइड आणि हवेतले बाष्प मिसळते आणि चॉकलेटी रंगाची झळाळती साय तयार होते. ब्रश मग तांब्यावर नव्हे, या सायीवर चालतो. म्हणून कम्युटेटर वर्षानुवर्षे टिकतो आणि झीज ठोकळ्याच्या वाट्याला येते. कम्युटेटर बदलायचा तर आर्मेचर बदलावे लागते. ठोकळा बदलायला दोन झाकणे उघडली की झाले.

१६/
सुरुवातीचा कार्बन कोकची भुकटी आणि डांबरासारखा बंधक एकत्र भाजून बनवलेला होता : कठीण, खरखरीत. एडवर्ड अॅचेसन याला १८९६ मध्ये विजेच्या भट्टीत कृत्रिम ग्रॅफाइट बनवण्याचे पेटंट मिळाले. त्या भट्टीला अफाट वीज लागे आणि ती मिळाली नायगारा धबधब्यापाशी. या नायगारा प्रकल्पाच्या सल्लागार अभियंत्यांत होता जॉर्ज फोर्ब्झ. ज्याने कार्बन ब्रशची कल्पना मांडली, त्यानेच आखणीला हात लावलेल्या वीजघराजवळ ब्रशसाठी योग्य असे ग्रॅफाइट तयार होऊ लागले.

१७/
१८८८ हेच वर्ष ब्रश नसलेल्या मोटरचेही आहे. त्या मे महिन्यात निकोला टेस्लाला प्रत्यावर्ती प्रवाहाच्या प्रवर्तन मोटरची पेटंटे मिळाली. तिच्या फिरत्या भागात बाहेरून वीज न्यावीच लागत नाही. त्याच उन्हाळ्यात ही पेटंटेही वेस्टिंगहाउसनेच घेतली. मग ब्रश तेव्हाच इतिहासजमा का झाला नाही? राउटरपुरते उत्तर साध्या गणितात आहे. ५० हर्ट्झच्या विजेवर प्रवर्तन मोटर मिनिटाला फार तर ३,००० फेऱ्यांच्या जवळ जाते. लाकडाची कड गुळगुळीत कापायला राउटरच्या लहानशा पात्याला १०,००० ते ३०,००० फेरे लागतात.

१८/
तो वेग देते युनिव्हर्सल मोटर. हिच्यात स्थिर चुंबकांचे वेटोळे आणि फिरते वेटोळे एकाच माळेत जोडलेले असते. घरातला प्रवाह दिशा बदलतो तेव्हा दोन्हीकडची चुंबकता एकदमच उलटते, त्यामुळे फिरण्याची दिशा तीच राहते. वजन कमी, ताकद भरपूर, वेगाला वीजपुरवठ्याच्या वारंवारतेचे बंधन नाही. अट एकच : कम्युटेटर आणि ब्रश हवेतच. १८९५ मध्ये श्टुटगार्टच्या फाइन कंपनीने विजेचे पहिले हातयंत्र, ड्रिल, बाजारात आणले. बाल्टिमोरच्या ब्लॅक आणि डेकर या जोडीने पिस्तुलासारखी मूठ आणि घोडा असलेल्या ड्रिलचे पेटंट १९१७ मध्ये मिळवले. मिक्सरपासून व्हॅक्यूम क्लीनरपर्यंत या मोटरीची भावंडे घराघरांत आहेत.

१९/
राउटरच्या जन्माची एक कथा या व्यवसायात सांगितली जाते. पहिल्या महायुद्धाच्या काळात न्यूयॉर्क राज्यात आर. एल. कार्टर नावाचा पॅटर्नमेकर होता, म्हणजे ओतकामासाठी लाकडी साचे घडवणारा कारागीर. हातात घाईचे काम होते. त्याने न्हाव्याच्या विजेच्या केस कापायच्या यंत्राची मोटर घेतली, तिच्या गिअरलाच धार लावून पाते बनवले आणि लाकडाच्या कडा कोरल्या. पुढे त्याने अशी यंत्रे विकायला सुरुवात केली आणि १९२९ मध्ये त्याचा व्यवसाय स्टॅन्ले कंपनीने घेतला. कथेचा तपशील कसाही असो, तोवर पटाशी आणि खाचरंध्याने तासन्‌तास चालणारे काम हातातल्या मोटरीवर आले.

२०/
राउटरमध्ये ब्रशची कसोटी ड्रिलहून कडक असते. कम्युटेटरचा व्यास २८ मिलिमीटर आणि वेग मिनिटाला २५,००० फेरे धरला, तर ठोकळ्याखालून तांबे ताशी सुमारे १३० किलोमीटर वेगाने सरकते. कम्युटेटरला २४ पट्ट्या असतील, तर एका ब्रशखाली सेकंदाला दहा हजार वेळा पट्टी बदलते. आठव्या परिच्छेदात सांगितलेली ठिणगीची घडी सेकंदाला दहा हजार वेळा! त्यात भर भुशाची. एमडीएफची धूळ पिठाहून बारीक असते. ब्रश ज्या पितळी खोबणीत सरकतो तिथे ती साचली की ठोकळा अडकतो, लांबी शिल्लक असूनही कम्युटेटरपर्यंत पोचत नाही.

२१/
म्हणून ‘कार्बन गेले’ म्हटल्यावर जाणता मिस्त्री प्रथम वायर प्लगमधून काढतो आणि मग ठोकळा पाहतो. नवा ठोकळा यंत्रागणिक दीडदोन सेंटिमीटरचा असतो. पाच-सहा मिलिमीटर उरला की बदलायचा. अनेक ठोकळ्यांवर मर्यादेची रेघच असते. कम्युटेटरवर टेकणारे तोंड आरशासारखे गुळगुळीत असेल तर सारे ठीक. त्यावर खड्डे असतील, कड तुटलेली असेल, तर दोष ठोकळ्याचा नसून स्प्रिंगचा किंवा कम्युटेटरचा असतो. स्प्रिंग सैल पडली की ठोकळा उड्या मारतो आणि ठिणग्या वाढतात; फार कडक झाली तर ठोकळा भराभर झिजतो. एक ठोकळा लांब आणि दुसरा आखूड असला तरी जोडीच बदलायची, कारण प्रवाह एकातून शिरतो आणि दुसऱ्यातून बाहेर पडतो.

२२/
खोबण कोरड्या ब्रशने झाडून घ्यावी. नवा ठोकळा आपल्या वजनाने आतबाहेर सरकला पाहिजे. जुनाच परत बसवायचा असेल तर ज्या बाजूने होता त्याच बाजूने, कारण त्याच्या तोंडाला कम्युटेटरची गोलाई आलेली असते. नव्याला ती नसते. म्हणून झाकणे बसवल्यावर यंत्र पाते न लावता काही मिनिटे मोकळे चालवतात. सुरुवातीला ठिणग्या जास्त दिसतात. तोंड गोलाईत बसत जाते तशा त्या कमी होतात. ही पायरी गाळून थेट सागाच्या फळीवर जोर दिला की अर्ध्या तोंडावरून सगळा प्रवाह जातो आणि कम्युटेटर काळवंडतो. घाई करणाऱ्या हाताखालच्या पोराला मिस्त्री ओरडतो तो याचसाठी.

२३/
दुसऱ्या महायुद्धात याच ठोकळ्याने विमाने अडचणीत आणली. बॉम्बफेकी विमाने ९,००० मीटरच्या आसपास उडू लागली आणि त्यांच्या जनित्रांतले ब्रश काही तासांत, कधी त्याहूनही लवकर, भुकटी होऊ लागले. जमिनीवर तेच ब्रश महिनोन्‌महिने चालत. जनरल इलेक्ट्रिकच्या रॉबर्ट सॅव्हेजच्या संशोधनातून कारण स्पष्ट झाले : ग्रॅफाइटची घसरण त्याच्या पापुद्र्यांवर अवलंबून असली, तरी तिला हवेतल्या बाष्पाची जोड लागते. उंचावरील हवा जवळजवळ कोरडी. बाष्प नाही म्हणून साय नाही, साय नाही म्हणून वंगण नाही. मग ब्रशमध्ये धातूंची हॅलाइड संयुगे मिसळण्यात आली आणि प्रश्न सुटला. ग्रॅफाइट हे स्वयंभू वंगण आहे हा शतकभराचा समज या निमित्ताने मोडला.

२४/
महाराष्ट्रातही हा ठोकळा विजेच्या गाड्यांत होता. मुंबईत ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम सुरू झाली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला विजेची लोकल धावली, १,५०० व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर. त्या गाड्यांच्या मोटरींत कार्बन ब्रश होते आणि कारशेडमध्ये त्यांची लांबी तपासणे हा नित्यक्रम होता. २००७ पासून आलेल्या नव्या लोकलमध्ये तीन कलांच्या, बिनब्रशच्या मोटरी आहेत. २०१६ च्या एप्रिलमध्ये हार्बर मार्गावरचा १,५०० व्होल्टचा पुरवठाही संपला. टेस्लाची मोटर वेगाच्या ज्या बंधनामुळे मागे पडली होती, ते बंधन इलेक्ट्रॉनिक नियंत्रकांनी सोडवले.

२५/
हातयंत्रांतही तेच घडत आहे. कम्युटेटरचे काम अर्धवाहक स्विचांवर सोपवण्याची कल्पना १९६२ मध्येच मांडली गेली होती. शक्तिशाली चुंबक आणि स्वस्त सर्किटे आल्यावर, या शतकात, ती बॅटरीवरच्या ड्रिलमध्ये आणि राउटरमध्ये उतरली. ठिणगी नाही, झीज नाही, बॅटरी अधिक चालते. मात्र त्या यंत्राच्या अंगाला दोन झाकणे नसतात. आतली सर्किटपट्टी गेली तर ती कंपनीकडूनच बदलून घ्यावी लागते, आणि तिची किंमत पाहून पुष्कळदा नवे यंत्रच घेतले जाते. दिवसभर वायरवरच्या राउटरवर काम करणारे कारागीर अजून ब्रशवाल्या यंत्राला धरून आहेत, त्यामागे सवयीइतकाच हा हिशेबही आहे.

२६/
मुंबईच्या लोहार चाळीत किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत चौकशी केली तर कार्बन ब्रश आजही मिळतात. गिऱ्हाईक बहुधा यंत्राचे मॉडेल सांगत नाही; खिशातून झिजलेला तुकडा काढून काउंटरवर ठेवते. लांबी झिजलेली असल्याने तिचा उपयोग नसतो. दुकानदार जाडी आणि रुंदी मोजतो, स्प्रिंगची आणि टोपीची ठेवण पाहतो, आणि त्या मापाची जोडी काढून देतो.